साहेबाचा हुकूम कुठवर चालतो?

कुपवाडच्या एमआयडीसीत असो, विट्याच्या यंत्रमागावर असो की साताऱ्यातल्या एखाद्या कचेरीत, वरिष्ठांच्या जाचाविषयी बोलताना माणसं शेवटी एकाच ठिकाणी येतात: ‘साहेबाच्या मनात आलं की झालं.’ रजा अडवली, पाळी बदलली, पगार रोखला, चारचौघांत पाणउतारा केला. विचारायला गेलं तर उत्तर ठरलेलं: ‘जमत नसेल तर सोडा.’

साहेबाचा अधिकार खरा असतो, पण तो त्याच्या मनातून येत नाही. तो एखाद्या कागदातून येतो आणि त्या कागदापुरताच चालतो. हे ज्याला कळलं, त्याला आपल्यावर चाललाय तो कामाचा हुकूम की सत्तेचा गैरवापर, हे ओळखता येतं. त्यापुढचं काम दोन गोष्टींवर ठरतं: पुरावा आणि मुदत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या नोकरदारांसाठी, मजुरांसाठी ही त्याची मांडणी.

अधिकार येतो कुठून?

खाजगी कंपनीत तो नेमणूकपत्र आणि स्थायी आदेशांतून येतो, साखर कारखान्यात त्याच्या जोडीला वेतनकरारातून, अनुदानित शाळेत सेवाशर्तींच्या नियमावलीतून आणि सरकारी कचेरीत सेवानियमांतून. काम वाटून देणं, वेळेवर येण्याची ताकीद देणं, चुकीबद्दल लेखी खुलासा मागणं, कामाचं मूल्यमापन करणं हे सगळं या अधिकारात बसतं. ते कडक वाटलं म्हणून बेकायदा ठरत नाही.

हाच अधिकार कामाचं कारण सोडून दुसऱ्याच हेतूनं वापरला की गैरवापर सुरू होतो. युनियनचा सभासद झाला म्हणून लांबच्या युनिटला बदली. घरचं काम करायला नकार दिला म्हणून कायम रात्रपाळी. खोट्या बिलावर सही केली नाही म्हणून गोपनीय अहवालात शेरा. कृती वरून नियमातली दिसते, हेतू मात्र सूड उगवण्याचा असतो. म्हणूनच ‘काय केलं’ याइतकंच ‘कशाच्या पाठोपाठ केलं’ हे नोंदवून ठेवावं लागतं.

गेटवरचा तोंडी हुकूम

छोट्या कारखान्यांत सर्रास दिसणारा प्रकार असा. कामगार सकाळी गेटवर येतो. वॉचमन सांगतो, ‘तुमचं नाव काढलंय, साहेबांना भेटा.’ साहेब भेटत नाहीत. आज-उद्या बोलावतील म्हणून कामगार घरी जातो. दोन महिन्यांनी तो कामगार कार्यालयात पोहोचतो, तेव्हा कंपनीचं उत्तर तयार असतं: ‘आम्ही काढलेलं नाही. तो स्वतःहून गैरहजर राहिला.’ एवढ्या काळात कंपनीनं ‘कामावर हजर व्हा’ अशी एखादी नोटीस जुन्या पत्त्यावर पाठवलेलीही असते.

मधल्या त्या दोन महिन्यांत कामगाराची बाजू लुळी पडते. खरं तर त्याच दिवशी टपाल कार्यालयात जाऊन चार ओळींचं पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टानं पाठवायला हवं: ‘आज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी मी कामावर आलो असता मला गेटवर अडवण्यात आले. कारण सांगितले नाही. मी काम करण्यास तयार आहे. मला कामावर घ्यावे किंवा लेखी आदेश द्यावा.’ या पत्राची एक प्रत सहायक कामगार आयुक्त कार्यालयाला. एवढं केलं की ‘स्वतःहून गैरहजर’ हा मुद्दा जवळजवळ मोडीत निघतो.

कारखाना आणि एमआयडीसी

महाराष्ट्रात 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. मालकानं काय करू नये, याची यादीच त्यात दिली आहे. सूडबुद्धीनं कामावरून काढणं, व्यवस्थापनाच्या धोरणाचं निमित्त करून दुष्ट हेतूनं बदली करणं, गुणवत्ता सोडून एका गटाची तरफदारी करणं, माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता कामगार म्हणून ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं, झालेला करार न पाळणं. या कायद्याखालची तक्रार घटनेपासून 90 दिवसांच्या आत करायची असते. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकतं, पण त्या भरवशावर बसू नये.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. अशाच अनुचित प्रथांची यादी औद्योगिक संबंध संहितेतही आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. निलंबित केलेल्या कामगाराला पहिले 90 दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. चौकशी कामगाराच्या दोषाशिवाय त्याहून लांबली तर पाऊण वेतन. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं आता सक्तीचं आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि नोकरी सुटल्यावर देणी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची असतात.

यातली एक मेख लक्षात ठेवावी. व्यवस्थापकीय पदावरची माणसं आणि महिना 18,000 रुपयांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक संहितेतल्या ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. पण नुसतं ‘सुपरवायझर’ असं पदनाम दिलं म्हणून कुणी पर्यवेक्षक होत नाही. प्रत्यक्षात काम कोणतं, हे न्यायालय बघतं. त्यामुळे हुद्द्याचं नाव मोठं करून कायद्याबाहेर ढकललेल्या माणसानं लगेच हार मानू नये. जुना कायदा आणि नवी संहिता यांपैकी कुठल्या मंचापुढे जायचं, हे कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडून पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावं.

पगार देणारा हात वेगळा केला तर

साहेबाच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे पगार. काम सांगणारा आणि पैसे देणारा एकच असला की अडवणूक सोपी जाते. हे कोडं या भागातल्याच एका माणसानं सोडवायला घेतलं. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधत होते. त्या हमालांमध्ये सातारा जिल्ह्यातले पुष्कळ होते. काम आज या व्यापाऱ्याकडं, उद्या त्या. मालक कुणीच नाही, आणि मजुरीवर मात्र मधल्यांचा हात.

त्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्यातली युक्ती साधी आहे. मालक आणि हमाल दोघांनीही माथाडी मंडळाकडं नोंद करायची. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडं भरायची, आणि मंडळानं हमालाला मजुरी द्यायची. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांची तजवीज लेव्हीतून होते. पोती उचलायला सांगणाऱ्याच्या हातात पैसे अडवण्याची चावी राहिली नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, गूळ, बेदाणा यांची पोती पाठीवर घेणाऱ्या हमालांना नोंदीचं हे महत्त्व नेमकं ठाऊक आहे. ज्याची मंडळात नोंद आहे त्याची मजुरी हिशेबात दिसते, आणि नोंद नसलेला पुन्हा तोंडी व्यवहारात अडकतो. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांविषयी उद्योजकांच्याही तक्रारी आहेत आणि त्या गंभीर आहेत. त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा, पण त्यापायी मूळची रचना मोडीत काढण्याचं कारण नाही.

याच सांगली जिल्ह्यात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखान्याभोवती कामगारांची वसाहत उभी केली. त्या किर्लोस्करवाडीचं कौतुक आजही होतं आणि ते रास्त आहे. मात्र मालक भला मिळणं हा नशिबाचा भाग झाला. माथाडी कायद्यानं नशीब बाजूला ठेवून नियम आणला, हे त्याचं मोठेपण.

उसाच्या फडातली उचल

कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की बीड, जत आणि इतर दुष्काळी भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम त्यांना आधीच उचल देतो आणि ती हंगामात तोडणीतून फेडायची असते. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर चढते.

एवढ्यापर्यंत हा उसनवारीचा व्यवहार आहे. पण उचल फिटेपर्यंत गावी जाऊ न देणं, एखाद्याला अडकवून ठेवणं, मारहाण करणं, बायकापोरांना धमकावणं इथं तो वेठबिगारीत जातो. राज्यघटनेचं 23 वं कलम वेठबिगारीला मनाई करतं. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानुसार असं कर्ज रद्दच होतं, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर असते. सक्तीनं राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं करायची. सुटका करून घेणं आणि सुटकेचा दाखला देणं ही त्यांचीच जबाबदारी आहे.

दुसरी बाजूही इथलीच आहे. ट्रॅक्टर घेऊन ऊसवाहतूक करणाऱ्या कित्येक तरुण शेतकऱ्यांना लाखोंची उचल घेऊन मुकादमांनी बुडवलं आहे. त्यांनी पोलिसांत जावं, दिवाणी दावा लावावा. माणूस डांबून वसुली करण्याचा हक्क मात्र त्यांना नाही.

शाळा आणि महाविद्यालयं

1919 साली कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हापासून हा भाग शिक्षणसंस्थांचा झाला. खाजगी शाळांतल्या शिक्षक-शिक्षकेतरांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावललं जाणं याविरुद्ध आदेशापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं.

कोऱ्या कागदावर सही घेऊन पुढे तोच राजीनामा म्हणून दाखवणं, ही जुनी खोड कायदा करणाऱ्यांना माहीत होती. म्हणून या कायद्याच्या सातव्या कलमात राजीनाम्याची रीतच घालून दिली आहे: दोन प्रती, दोन्हींवर तारखेसह सही, एक नोंदणीकृत टपालानं संस्थेला आणि दुसरी स्वतःजवळ. नेमणुकीच्या दिवशी कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर तिथंच सावध व्हावं.

सरकारी कचेरी

सरकारी नोकराला बदली आणि गोपनीय अहवाल या दोन गोष्टींची भीती जास्त. 2005 च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा असतो आणि बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात. मुदतीआधी बदली करायची तर कारणं लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ही पायरी गाळली असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागता येते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे: नियमांनुसार वरिष्ठांकडं अपील आणि मग उच्च न्यायालय. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मुंबईची फेरी वाचली, हा सामान्य कर्मचाऱ्याच्या दृष्टीनं लहान फरक नव्हे.

गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं देव दत्त प्रकरणात 2008 साली सांगितलं. तोंडी आदेशांबाबत 2013 चा टी. एस. आर. सुब्रमणियन निकाल महत्त्वाचा आहे. अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर चालू नये, त्या लेखी नोंदवल्या गेल्या पाहिजेत, हा त्याचा आशय. ‘साहेबांनी सांगितलं होतं’ हे वाक्य चौकशीत कुणालाच वाचवत नाही. सही खालच्याची असते.

महिला कर्मचाऱ्यांसाठी

अधिकाराला लैंगिक छळाची जोड मिळते तेव्हा 2013 चा कायदा लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवी. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची. त्याहून लहान दुकानं, दवाखाने, घरकाम अशा ठिकाणच्या स्त्रिया, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर कुठलीही कर्मचारी, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाऊ शकते. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. ती चालू असताना तक्रारदार महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा दुसरीकडं बदली मागता येते.

समिती भिंतीवरच्या फलकापुरती आहे की खरोखर बसते, हा प्रश्न जुना आहे. गोव्यातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये या कायद्याच्या ढिल्या अंमलबजावणीवर बोट ठेवलं आणि समित्या नेमल्या आहेत का, याची पडताळणी करायला सांगितलं.

कागद कसा करावा?

तोंडी आदेश मिळाला की त्याच दिवशी साहेबालाच साध्या भाषेत लिहावं: ‘आज दुपारी आपण दिलेल्या तोंडी सूचनेनुसार अमुक काम करावयाचे आहे, असे मी समजतो. यात बदल असल्यास कृपया लेखी कळवावे.’ यात भांडण नाही, आरोप नाही, पण हुकूम कागदावर येतो. निवेदन दिलं तर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. पोच नाकारली तर तेच निवेदन नोंदणीसह स्पीड पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवावं.

घटनांची वही ठेवावी: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. ‘साहेब नेहमी छळतात’ हे वाक्य चौकशीत टिकत नाही, तारखेसह लिहिलेला अपमान टिकतो. व्हॉट्सअॅपवरचे निरोप, ध्वनिमुद्रणं मूळ फोनमध्येच राहू द्यावीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. कारणे दाखवा नोटीस आली तर ती परत पाठवू नये. घ्यावी, आणि मुदतीत मुद्देसूद उत्तर द्यावं. एकट्यानं जाण्यापेक्षा ज्यांनी पाहिलंय त्यांच्या सह्या घेऊन गेलं तर वजन पडतं.

कागद दिला, पण वाचणाराच नसेल तर?

ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरच्या मृत्यूनं राज्य हादरलं. एका पोलीस अधिकाऱ्यासह दोघांवर गुन्हा दाखल झाला आणि सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. वैद्यकीय अहवालांबाबत आपल्यावर दबाव येतो, अशी लेखी तक्रार तिनं त्याआधीच केली होती, हेही समोर आलं. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. पण दबावाची तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कागदाचं पुढं काय होतं, हा प्रश्न निकालाची वाट पाहत थांबू शकत नाही.

अशा वेळी एकाच टेबलावर कागद ठेवून बसू नये. वरच्या प्राधिकाऱ्याला प्रत द्यावी, महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात ‘माझ्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली’ असं विचारावं, संघटनेला आणि घरच्यांना सांगावं. मन फार खचलं असेल तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

फौजदारी कायद्यावर किती विसंबावं?

मारहाण, धमकी, जातिवाचक शिवीगाळ यांसाठी पोलीस ठाणं आहेच. मात्र कामाच्या जाचालाच गुन्हा ठरवणं सोपं नाही. औरंगाबादच्या शिक्षण खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या आत्महत्येनंतर वरिष्ठावर गुन्हा नोंदला गेला. जादा काम देणं, पगार रोखणं एवढ्यावरून आत्महत्येला प्रवृत्त करण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली वैजनाथ खंडके प्रकरणात तो गुन्हा रद्द केला.

जे हातात आहे ते कामगार कायद्यात आणि सेवानियमांत आहे, आणि तेही वेळेत केलं तरच. बडतर्फ शिक्षकाला 30 दिवस, छळ झालेल्या महिलेला तीन महिने, अनुचित प्रथेविरुद्ध कामगाराला 90 दिवस. जाच करणारा साहेब बहुतेक वेळा याच दिवसांवर डोळा ठेवून असतो: ‘बघू, बसून बोलू, घाई कशाला.’ बसून जरूर बोलावं, मिटत असेल तर मिटवावंही. पण तक्रार दाखल करून मग बोलावं.